श्मेटरलिंग

सकाळी आरशासमोर उभा राहून मी जर्मनचा गृहपाठ घोकत होतो. वाक्य अगदी साळसूद होतं : 'कृपया मला एक कप चहा हवा आहे, दूध घालून.' स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "कुणाशी भांडतोयस रे सकाळी सकाळी?"

जर्मनची ही बदनामी जुनीच. सोळाव्या शतकातला सम्राट पाचवा चार्ल्स म्हणे देवाशी स्पॅनिशमध्ये, बायकांशी इटालियनमध्ये आणि पुरुषांशी फ्रेंचमध्ये बोलायचा. जर्मन त्याने घोड्यासाठी राखून ठेवली होती. तो खरंच असं म्हणाला का, देव जाणे (तेही स्पॅनिशमध्ये). घोड्याचं मत मात्र कुणी विचारलेलं दिसत नाही.

हल्ली घोड्याच्या जागी फुलपाखरू आलंय : फुलपाखराला कुठल्या भाषेत काय म्हणतात, असा एक विनोद फिरत असतो. फ्रेंच माणूस अलगद म्हणतो, 'पापियों'. इटालियन म्हणतो, 'फार्फाल्ला'. स्पॅनिश, 'मारिपोसा'. मग जर्मन टेबलावर मूठ आपटून गरजतो, 'श्मेटरलिंग!' सगळे हसतात. मीही हसलो होतो, पण यात लबाडी आहे. आधीच्या तिघांना कुजबुजायला लावायचं आणि ओरडायचं काम एकट्या जर्मनाच्या गळ्यात मारायचं! मी एकदा त्याच पट्टीत खिडकीतून 'फुलपाखरू!' असं ओरडून पाहिलं. समोरच्या काकूंनी घाईघाईने दोरीवरचे कपडे काढून घेतले.

तरी जर्मन अगदीच निर्दोष आहे असंही नाही. इटालियन शब्द बहुतेक स्वरावर संपतो, घसरगुंडीवरून पोर उतरावं तसा. जर्मनमध्ये लांब मोज्याला म्हणतात 'श्ट्रुम्प्फ'. स्वर एकच, तो बिचारा 'उ', आणि बाकीची व्यंजनं संध्याकाळच्या बसच्या दारात लटकल्यासारखी त्याला लटकलेली. शब्दाच्या शेवटी 'ड' आला की त्याचा 'ट' करायचा. कुत्र्याला लिहायचं 'हुंड' आणि म्हणायचं 'हुंट'. शिवाय स्वराने सुरू होणारा शब्द आधीच्या शब्दाला सहसा चिकटू द्यायचा नाही, घशात एक बारीकसा झटका द्यायचा. फ्रेंच शब्द हातात हात घालून फिरायला निघतात. इथे प्रत्येकाने आपापल्या जागी सावधान उभं राहायचं.

आणि 'माफ करा'! पायावर पाय पडला की फ्रेंच माणूस 'पार्दों' म्हणून मोकळा. जर्मनमध्ये 'एंटशुल्डिगुंग' पुरतं होईपर्यंत दुखावलेला माणूस पुढच्या स्टेशनवर उतरलेला असतो. पण शब्द उसवून पाहिला की राग जातो. 'शुल्ड' म्हणजे दोष, 'एंट' म्हणजे तो काढून टाकणं. अनेकवचनात 'शुल्ड'चा अर्थ कर्ज असाही होतो. एवढा हिशेब मिटवायचा म्हटल्यावर वेळ लागणारच.

'श्मेटरलिंग' असाच उसवला, तर आत चक्क साय निघाली. पूर्वेकडच्या काही जर्मन बोलींमध्ये 'श्मेटन' म्हणजे साय. तो शब्द चेक भाषेतल्या 'स्मेताना'वरून आला. चेटकिणी फुलपाखराचं रूप घेऊन दुधावरची साय चोरतात, अशी जुनी समजूत होती.

हे मी आईला सांगायला गेलो. अगदी हळू आवाजात, कुजबुजून म्हटलं, "श्मेटरलिंग."

"काय मेतकूट?"

मग सायीची गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली. "म्हणजे आपल्या बोक्यासारखंच की," असं म्हणत दुधाच्या पातेल्यावर ताटली घातली आणि वर वरवंटा ठेवला.