आधी फक्त झोपेचं सांगितलं

लालबागच्या आमच्या चाळीत भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू येतंच. त्यामुळे शेजारचे रात्री माझ्याबद्दलच कुजबुजतात असं वाटायला लागलं, तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलं नाही. झोप मात्र पार उडाली. करी रोडवरून पहाटेची पहिली गाडी गेली की आणखी एक रात्र संपली, एवढं कळायचं. डोळा लागलाच तर भयंकर स्वप्नं. मरणाचे विचार यायचे तेही रात्रीच. दिवसा जरा मागे सरायचे.

आवाजांचं घरी सांगायची सोय नव्हती, आईने देवऋषी गाठला असता. ‘झोप लागत नाही’ हे मात्र कुणालाही सांगता येतं. तेवढंच सांगून आईबाबांबरोबर केईएमच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. केसपेपर, रांग, बाकडं, पुन्हा रांग. आत एक तरुण रेसिडेंट डॉक्टर होत्या. त्यांनी झोपेचंच खोदून विचारलं: कधी पडता, जाग आल्यावर काय करता, तेव्हा काय ऐकू येतं? मग घरच्यांना बाहेर बसवून सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का?” असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात भरतो, असा आपल्याकडे समज आहे. मला तर हायसं वाटलं. सगळंच बोललो.

बाबांची पहिली काळजी, पोलीस केस होईल का? विचार येणं हा गुन्हाच नाही, डॉक्टर म्हणाल्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर प्रयत्न करणाराही तीव्र तणावाखाली होता असंच धरतात.

आवाजांवरची गोळी रात्रीची दिली, तिने झोपही येते. गोळ्या आईच्या ताब्यात. उठायची वेळ ठरलेली, दुपारी आडवं व्हायचं नाही. अंथरूण फक्त झोपेपुरतं, हा नियम एका खोलीच्या घरात पाळणं म्हणजे गंमतच! झोप आली नाही की गॅलरीत जाऊन बसायचो. तिथे शेजारचे काका विचारायचे, “काय रे, झोप नाही?” हा आवाज तरी खरा असायचा.

रात्री विचार वाढले तर दादाला उठवायचं, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करायचा. तिथे रात्रीही मराठीत बोलतात. झोप पुन्हा उडायला लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता ओपीडी गाठायची, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा अजून चारचौघांत याला ‘झोपेचा त्रास’च म्हणतात. म्हणू देत.