तुम्ही विचारलंत म्हणून: मेकॅनिकलला मुली टिकतात का?

प्रवेशफेऱ्यांच्या दिवसांत एखादे पालक मला हमखास बाजूला घेऊन विचारतात, "मॅडम, मुलीला मेकॅनिकल झेपेल ना? मध्येच सोडून तर नाही ना येणार?" बावीस वर्षे मी या शाखेत शिकवते आहे, अभ्यास झेपला नाही म्हणून शाखा सोडलेली मुलगी मला क्वचितच भेटली.

फीची अडचण बरीच हलकी झाली आहे. २०२४-२५पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासन पूर्णपणे भरते. मुलगी त्यामुळे वर्कशॉपच्या दारापर्यंत येते.

आत पहिल्या वर्षी फिटिंगचा जॉब असतो, म्हणजे धातूची पट्टी कानशीने घासून मापात आणायची. व्हाइसची (पट्टी घट्ट धरणाऱ्या शिकंजाची) उंची उभ्या माणसाच्या कोपराइतकी असावी, हे आम्हीच पहिल्या तासाला सांगतो, आणि व्हाइस ज्यांवर असतात ती आमची कामाची बाके मात्र उंच मुलांच्या बेताने बसवलेली. पाच फुटांहूनही ठेंगणी असलेली एक विद्यार्थिनी खांदे उचलून कानस चालवत होती. कानस डोलत असल्याने पट्टी दोन्ही कडांना जास्त घासली जाऊन मध्ये फुगीर राहत होती, आणि "मुलींच्या हातात जोर नसतो" असे म्हणून वर्कशॉप शिकवणारे निदेशक मोकळे झाले होते. सुतारकाम विभागातून मी चार इंची पाट करून घेतला. (त्याचे बिल मंजूर व्हायला दोन महिने लागले, ते असो.) पाटावर उभी राहून तिने घासलेल्या पट्टीवर ट्राय स्क्वेअर (काटकोन आणि सपाटी तपासायचा गुण्या) टेकवला, तेव्हा खालून उजेड दिसला नाही, म्हणजे पट्टी सपाट झाली होती.

दुसरी चूक माझीच. चौघांच्या प्रत्येक गटात एकेक मुलगी वाटून देणे मला कित्येक वर्षे न्याय्य वाटत होते. प्रत्यक्षात "तुझे अक्षर चांगले आहे" म्हणत रीडिंग उतरवण्याचे काम तिच्याकडे जाई, आणि लेथला (धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्राला) हातच न लागलेली ती मुलगी तोंडी परीक्षेत अडखळे. आता मी गटात किमान दोघी ठेवते आणि यंत्र कोणी चालवायचे याची पाळी स्वतः लावते.

तेव्हा कॉलेज पाहायला याल, तेव्हा प्लेसमेंटच्या आकड्यांबरोबर एवढेही विचारा, की प्रयोगशाळा सुटल्यावर गावाकडची शेवटची एसटी मिळते का आणि वर्कशॉपपासून मुलींचे स्वच्छतागृह किती लांब आहे. आमच्याकडे ते सहा वर्षांपूर्वीपर्यंत दुसऱ्या इमारतीत होते.