गुलमर्गच्या स्की दुकानातला हंगाम : थंडी परवडते, ओल परवडत नाही

धुळ्यात पारा पाच-सहा अंशांवर आला की आपण गोधडीवर गोधडी ओढतो आणि थंडी म्हणजे काय ते कळलं असं समजतो. गुलमर्गला स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात एक अख्खा हिवाळा काढल्यावर माझं मत असं झालंय की थंडीचं काही ना काही करता येतं, खरा त्रास ओलीचा. अंगावरचे कपडे, बुटातलं अस्तर, स्कीची पोलादी कड, सगळं बिघडतं ते ओलीने.

म्हणून तिथे हंगामी कामाला निघणाऱ्याला बॅग भरतानाच सांगतो. आपण कापूस पिकवणारी माणसं, पण तिथे कापूस अंगाला लावायचा नाही. सुती बनियन घामाने भिजलं की दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचे दोन थर्मल, एक फ्लीस, वरून पाणी न शिरणारं जॅकेट आणि तशीच पँट. जीन्स घरीच ठेवा.

भुसावळहून झेलम एक्सप्रेसने जम्मू गाठता येतं. पुढे रामबन-बनिहाल पट्ट्यात दरड कोसळली किंवा बर्फ पडला की रस्ता बंद. जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाल्याने हा घोर बराच कमी झाला, तरी दोन दिवस हाताशी ठेवावेत. शेवटचे तेरा किलोमीटर, टंगमर्ग ते गुलमर्ग, ताज्या बर्फात चाकांना साखळ्या लावल्याशिवाय होत नाहीत. आणि मोबाइल! आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच चालतं. नंबर बँकेला जोडलेला असेल तर निघण्याआधी गावातच पोस्टपेड करून घ्या, नाहीतर पगार जमा होईल पण ओटीपी येणार नाही.

हंगाम साधारण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत. 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना तिथे चिल्लई कलान म्हणतात, आणि भरवशाचा बर्फ याच दिवसांत पडावा अशी सगळ्यांची आशा असते. पण 2024 चा जानेवारी जवळजवळ कोरडाच गेला. 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. त्यामुळे बर्फ नसलेल्या दिवसांचा पगार पूर्ण, अर्धा की काहीच नाही, हे मालकाशी आधी बोला आणि निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. कोरडवाहू शेती केलेल्याला हे वेगळं समजवायला नको.

आता काउंटर. पुण्या-नाशिकच्या टूरवाल्यांना मराठी बोलणारा माणूस दिसला की अर्धी भीती जाते, आणि त्याच भरात ते वजन चुकीचं सांगतात. सगळी गडबड इथून सुरू होते.

आधी बूट. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. पाऊल साडेसव्वीस तर बूट 26.5. बहुतेक बुटांत 26 आणि 26.5 चं बाहेरचं प्लॅस्टिकचं शेल एकच असतं, त्यामुळे अर्ध्या नंबराने बूट बदलून दिला तर गिऱ्हाइकाचं फक्त समाधान होतं. शंका असेल तर आतलं लायनर काढा, नुसत्या शेलमध्ये पाय घालायला लावा आणि बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटं जागा राहिली की बूट बरोबर. घालताना टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, वरची बक्कलं आधी लावायची आणि पावलावरची शेवटी, हलकीच. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकतात आणि गुडघे वाकवले की मागे सरकतात. हे न सांगितल्यास प्रत्येक जण "बूट लहान आहे" म्हणून मोठा मागतो, आणि मोठ्या बुटात टाच उचलली जाऊन स्की वळतच नाही.

मोजे एकच जोड, पातळ, लोकरीचे. दोन घातले की पायाचा रक्तपुरवठा दबतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची मोरी बुटात कोंबायची नाही, तिची घडी तासाभरात नडगीत रुतते.

मग बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडल्यावर सोडणारा खटका. तो किती जोरावर सुटावा याच्या आकड्याला डिन म्हणतात. त्यासाठी वजन, उंची, वय, स्की करण्याची पद्धत आणि बुटाच्या तळाची लांबी लागते. ही लांबी टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते आणि तिचा बुटाच्या नंबराशी थेट संबंध नाही. तक्त्यात 67 ते 78 किलोला 'के' ओळ. उंची 167 ते 178 सेंटिमीटर असेल तरी 'के'च. वजनाची आणि उंचीची ओळ वेगळी आली तर दोन्हींतली वरची, म्हणजे कमी जोराची घ्यायची. वय पन्नास किंवा जास्त, अथवा दहाच्या आत असेल तर आणखी एक ओळ वर.

वजन कमी सांगितलं तर स्की साध्या वळणावरही निसटते. "मी मनालीला केलंय" अशी फुशारकी मारली की आकडा चढतो, मग पडल्यावर बूट सुटत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग. माझ्यापुरता उपाय म्हणजे वजनकाटा काउंटरसमोरच ठेवायचा. "दादा, जाडीचा प्रश्न नाही, गुडघ्याचा आहे," म्हटलं की दादा मुकाट्याने चढतात.

आकडा बसवला तरी काम संपत नाही. बाइंडिंगचा टाचेकडचा तुकडा बुटाच्या तळाच्या लांबीप्रमाणे पट्टीवर सरकवून, बूट अडकवल्यावर मागची दाबाची खूण दोन रेघांच्या मध्ये आली का ते पाहायचं. आली नसेल तर डिनचा आकडा खोटा. बाहेर गेल्यावर बुटाच्या तळाला बर्फाचा गोळा चिकटतो. खटका "टक" वाजतो पण धरत नाही. काठीच्या टोकाने तळ खरवडायचा आणि मगच पाय ठेवायचा.

संध्याकाळी पाचनंतर खरी मेहनत. लायनर ओढून बाहेर, त्यातला इनसोल वेगळा. बुखारीपासून, म्हणजे खोली तापवायच्या काश्मिरी शेगडीपासून, किमान तीन-चार फूट लांब. जवळ ठेवले तर शेल वाकडं होतं, लायनरचा फोम आकसून कडक होतो. वीज असली तर गार-कोमट हवेचा ड्रायर, नसली तर वर्तमानपत्राचे बोळे, तासाने काढून नवे. ओला राहिलेला बूट सकाळी गारठून इतका ताठरतो की त्यात पाय जात नाही. सगळ्या स्की फडक्याने पुसून उभ्या ठेवायच्या. कड ओली राहिली तर सकाळी तांबूस गंज धरलेला असतो.

स्कीच्या तळाला मेण लावायच्या आधी स्की खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. गार तळावर बाष्प धरतं आणि मेण बसत नाही. मेण वितळवून पसरवायची इस्त्री सतत फिरती ठेवायची. धूर निघाला म्हणजे ती जास्त तापली, तळ जळेल. अर्धा तास थंड होऊ द्या, प्लॅस्टिकच्या पट्टीने टोकाकडून शेपटीकडे खरवडा, मग नायलॉनचा ब्रश.

गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास 3,950 मीटरला सोडतो. तिथून आखलेल्या वाटेबाहेर जाणाऱ्याला बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हे तिन्ही दिल्याशिवाय स्की द्यायची नाही, कितीही मोठा गिऱ्हाईक असो. 1 फेब्रुवारी 2023 ला तिथल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. बीकनमध्ये साध्या अल्कलाइन बॅटऱ्या, आणि फोन त्याच्यापासून वीतभर तरी लांब.

खोलीत बुखारी पेटवून दार-खिडकी घट्ट लावायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दोन बोटं फट ठेवा, निजण्याआधी आग विझू द्या. पाणी तिथे एक्क्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तुरीची डाळ कुकरशिवाय शिजत नाही. मी सोबत कळण्याचं पीठ, काळा मसाला आणि बिबडे नेले होते. बिबडे पाहून शेजारच्या खोलीतला काश्मिरी स्वयंपाकी लगेच आपली वाळवलेली वांगी घेऊन आला. उन्हाळ्यात वाळवून हिवाळ्यात खायची रीत त्यांचीही तीच. भरीत मात्र त्या वांग्यांचं होत नाही.

मार्चअखेर दुकान बंद करताना तळाला जाड मेण लावून ते न खरवडता तसंच सोडायचं, कडांवरही चढू द्यायचं. बुटांची बक्कलं पहिल्या दातावर अडकवायची, नाहीतर शेल उघडं राहून आकार बिघडतो. लायनर पूर्ण वाळल्याशिवाय एकही पेटी बंद करायची नाही.