ठाण्यातलं संग्रहालय: ताम्रपटासाठी जाऊ नका, माळ्यासाठी जा

जायचं असेल तर सकाळी जा, आणि आत शिरल्या शिरल्या आधी माळ्यावर चढा. खालच्या दोन खोल्या नंतरही बघता येतात. आम्ही उलटं केलं आणि भर बाराला कौलांखाली, पंखा नसलेल्या जागेत पाऊण तास काढला. डोकं अजून ठणकतंय, तरी आजच लिहितोय. मला जे सांगून पाठवलं होतं ते तिथे नव्हतं, आणि जे होतं त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

सांगणारा म्हणाला होता, "ठाण्याचा ताम्रपट आहे तिथे, अस्सल." शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९ म्हणजे इ.स. १०१७ चा ताम्रपट. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना तो सापडला. ठाण्याच्या इतिहासात याच्याइतक्या मोलाच्या वस्तू फार थोड्या. तेवढ्यासाठी आत्याला घेऊन मी ऐरोलीहून निघालो. काचेच्या पेटीत निघाली लॅमिनेट केलेली झेरॉक्स. प्रत ठेवावी, जरूर ठेवावी, पण पेटीवर 'छायाप्रत' एवढा एक शब्द लिहायला काय हरकत होती? माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला "हे हजार वर्षांपूर्वीचं" म्हणून तीच दाखवत होते.

स्टेशनवरून रिक्षा करू नका. ट्रान्स-हार्बर लोकलच्या फलाटावरून पूल चढून पश्चिमेला उतरलं की रिक्षावाले गाठतात. एकाने १२० रुपये सांगितले, दुसऱ्याने १००. अंतर दीड किलोमीटरच्या आतलं, म्हणजे मीटरने किमान भाडं, २६ रुपये. सरळ चालत जा. मासुंदा तलाव आणि कोपिनेश्वराचं देऊळ वाटेवरच लागतं.

किल्ला बघायला मात्र वाकडी वाट करू नका. तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, बाहेरून भिंत तेवढी दिसते. १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून निसटले ते इथून, आणि १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना फाशी दिली तीही इथेच. हे माहीत असेल तर त्या भिंतीसमोर दोन मिनिटं थांबावंसं वाटतं. तेवढंच.

संग्रहालय एका जुन्या वाड्यात आहे, खासगी आहे. अंगणात चार दगड मांडलेत आणि त्यातल्या एकाची पाटी साफ चुकीची आहे. पाटीवर 'वीरगळ' लिहिलंय, दगड मात्र गधेगाळ आहे. वीरगळावर खाली लढाई, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा असते. इथे वर चंद्र-सूर्य, मधे झिजलेल्या ओळी आणि खाली गाढव व स्त्री. दिलेली जमीन जो बळकावेल त्याला ही शिवी, असा तो मजकूर. म्हणजे हा दानाचा कायदेशीर कागद आहे, लढाईचं स्मारक नव्हे. मी व्यवस्थापकांना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. तुम्ही गेलात आणि पाटी तशीच असली तर पुन्हा सांगा.

खालच्या खोल्यांत पानपुडे, अडकित्ते, समया, लामणदिवे. असे प्रत्येक वाड्यात असतात. रेल्वेची भिंत बरी: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. पाच मिनिटं पुरे.

आता माळा. जिना म्हणतात, पण ती शिडीच आहे. चौदा पायऱ्या, उभी चढण, कठड्याच्या जागी नायलॉनची दोरी, आणि वरून चौथी पायरी हलते. तिच्यावर भार टाकू नका, पाय भिंतीच्या कडेला ठेवा. पाठीवरची पिशवी खालीच सोडा. उतरताना तोंड शिडीकडे. मी तोंड बाहेर करून उतरायला गेलो आणि तिथेच अडकलो, खालून दोघांनी पाय धरून पायरी दाखवली. गुडघे दुखत असतील तर चढूच नका. आत्या एकाहत्तरची, ती खाली बसली.

वर कोपऱ्यात एक पाग, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, मिठागरातली मीठ ओढायची लाकडी फळी, आणि फळकुटावर ओळीने मांडलेली मापं. चिठ्ठी फक्त 'धान्याची भांडी'. फोटो काढून खाली आणले तर आत्या एकेक नाव घेऊ लागली: निठवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. चार शेरांची पायली.

"कडेवर बोट ठेवून बघ," ती म्हणाली, "घेणारा शीग लावून घेई, देताना हात फिरवून सपाट करी. मापात पाप ते हेच." तिच्या लहानपणी दिवा गावात भात असंच मोजत. १९५८ पासून किलो-ग्रॅम लागू व्हायला लागले, तरी घरात पायली बरीच वर्षं टिकली. शिगोशीग हा शब्द आपण रोज वापरतो. ती शीग म्हणजे काठावर उभा राहिलेला दाण्यांचा ढीग, हे मला आज कळलं.

व्यवस्थापकांना विचारलं तर त्यांनी मापटं खाली आणून दिलं. आत्याने ते मांडीवर घेतलं आणि रिकाम्याच काठावरून तळहात फिरवला. तुम्हीही मागा, देतात.

तिकीट २० रुपये, मोबाईलने फोटो काढायचे वेगळे ५०, आणि हे दारावर कुठेही लिहिलेलं नाही. क्यूआर चालत नाही, सुटे न्या. पाणी आणि टॉर्च हवाच, माळ्यावर एकच दिवा आहे आणि मापांचा कोपरा अंधारात येतो.