होल्स्टरवरची फुलं, नोंद चौथी: आधी देठ, मग फूल

होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं चामडी म्यान; त्यावर कोरलेल्या फुलवेलीवरून काम कुठल्या शैलीचं हे ओळखायचा माझा प्रयत्न चाललाय. मागच्या नोंदीपर्यंत त्यासाठी मी पाकळ्या मोजत बसले होते. ती पद्धत सोडून दिली. रानगुलाब बहुतेकांनी कोरलाय आणि त्याला पाकळ्या पाचच, मग त्यावरून शेरिडन शैलीचं काम कुठलं आणि टेक्सस शैलीचं कुठलं हे कळणार कसं? या महिन्यात क्रम उलटा केला. आधी देठ, मग साडीच्या भाषेत जिला आपण ‘जमीन’ म्हणतो ती, आणि फूल सगळ्यात शेवटी.

होल्स्टर टेबलावर आडवं ठेवते, दिवा मालवते आणि टॉर्च अगदी चामड्याच्या पातळीला आणून तिरका उजेड पाडते. मग फोटो काढून मोठा छापते आणि त्यावर बटर पेपर ठेवून फक्त देठ गिरवते. मूळ चामड्यावर कागद दाबून गिरवू नका. कोरीवकाम उठून दिसावं म्हणून पाणी तर अजिबात लावू नका, डाग पडला की पडला.

देठ सुटे झाले की शेरिडन लपत नाही. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या शेरिडन गावात दुसऱ्या महायुद्धानंतर चामड्याचे कारागीर डॉन किंग यांच्या हातात ही शैली घडली. १९९१ साली त्यांना अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, ती अगदी योग्य माणसाला मिळाली असं मला वाटतं. देठ गोल फिरत वर्तुळ जवळजवळ पुरं करतो, आत एक छोटं फूल बसतं आणि त्याच देठातून पुढचं वर्तुळ फुटतं. जमीन जेमतेम दिसते. वेलीची रांगोळी काढणाऱ्या हाताला ही चाल लगेच कळेल. म्हणूनच १८९० चं म्हणून दाखवलेल्या होल्स्टरवर अशी गच्च वर्तुळं दिसली तर मी थांबते. कॅलिफोर्निया वळणाच्या कामात वेल मोकळी वाहते आणि फुलं मोठी असतात.

आता माझ्या संग्रहातलं होल्स्टर क्रमांक सात. पाठीवर खोगीर आणि चामड्याचं काम करणाऱ्या हाइझर कंपनीचा डेन्व्हरचा शिक्का आहे. वेल टोकाकडून निघते, दोनदा फुटते, पण वर्तुळ कुठेच मिटत नाही. फुलं मोठी, जमीन ठिपक्यांची, आणि एका कोपऱ्यात दोन ठिपके एकमेकांवर चढलेत, म्हणजे तिथे ठसा सरकला होता. मला सर्वांत आवडले ते शेवटचे शोभेचे काप. स्विव्हल नाइफ, म्हणजे बोटांत फिरणारी कोरायची सुरी, सुरुवातीला खोल घुसते आणि शेपटीकडे केसासारखी बारीक होत जाते. एका पाकळीवर ती शेपटी कडेबाहेर गेली आहे. त्या जागी मी भिंग धरून कितीतरी वेळ बसले होते. शिक्का मात्र दुकानाचा असतो, कोरणाऱ्याचा नव्हे. मोठ्या दुकानांत अनेक हात कामाला असत आणि कारागीर दुकानं बदलतही, हे विसरून चालणार नाही.

क्रमांक आठने पैसे वाया घालवले. जुन्या बाजारात ‘हातकाम’ म्हणून विकत घेतलं. घरी भिंगाखाली पाहिलं तर नक्षीच्या कडेला दाबलेल्या उताराच्या पायथ्याशी सुरीची चीर कुठेच नाही, सगळ्या कडा गोलसर. आणि शिलाईखाली अर्धं फूल गेलेलं! हाताने कोरणारा आधी होल्स्टरचा आकार आखतो आणि वेल त्यात बसवतो. इथे छापलेल्या लांब चामड्यातून तुकडा कापला होता. विकत घेण्यापूर्वी शिलाईची कड पाहायची, हा नियम मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय.

१९५० च्या दशकातल्या, चामडेकामाचं साहित्य विकणाऱ्या टँडी कंपनीच्या किटवर घरी बसून कोरलेली होल्स्टर्स मात्र वेगळी. नक्षी क्राफ्टएडच्या प्लॅस्टिक साच्यावरून उतरवलेली, त्यामुळे तीच वेल पुन्हा पुन्हा भेटते, पण चीर खरी, हात खरा. बरेच संग्राहक ती बाजूला सारतात. मी सारणार नाही. एकच वेल दहा हातांनी कशी कापली हे शिकायला याहून चांगली जागा नाही.

सध्या अडलंय क्रमांक नऊवर. शिक्का नाही, लूप असलेलं मेक्सिकन घाटाचं, म्हणजे म्यान पाठीमागच्या चामड्याच्या पट्टीतून, लूपमधून, ओवलेलं. वेल लूपखालूनही जाते. लूप अलगद उचललं तर दोन बोटं रुंदीच्या पट्टीत ऊन लागलेलं नाही, चामडं अजून फिकट आहे आणि बेव्हलरची, म्हणजे चिरेलगतचा उतार ठोकणाऱ्या ठशाची, एकेक ठोक मोजता येते. गिरवायला तिथूनच सुरुवात केली आहे.