दीड वीत झोप

मला झोपेची भारी आवड. त्यामुळे शिडाच्या युद्धनौकांबद्दल काहीही वाचायला घेतलं, की लढाया राहतात बाजूला आणि मी शोधत बसतो, ही माणसं झोपायची कुठे?

तर तोफांच्या वर. नौसेनापती नेल्सनच्या काळातल्या, म्हणजे १८०० च्या आसपासच्या ब्रिटिश आरमारात साध्या खलाशाला खाट नव्हती, कॅनव्हासची झोळी होती. ती तुळयांना टांगायची. जागा माणशी १४ इंच, म्हणजे जेमतेम दीड वीत. मुंबई लोकलमधली चौथी सीट यापुढे ऐसपैसच म्हणायची! १८०५ साली ट्रॅफल्गारला लढलेल्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेवर आठशेहून जास्त माणसं होती. समुद्र खवळला की तोफांच्या खिडक्या बंद, आणि आत घाम, ओले कपडे, कोंदट हवा. मुंबईच्या वाडियांनी १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज इंग्लंडात हार्टलपूलला जतन करून ठेवली आहे. तिच्या सागवानानेही असल्याच झोळ्या पेलल्या.

समुद्रावर असताना निम्मे लोक पहाऱ्यावर जायचे, तेवढी शेजारची झोळी रिकामी. १४ चे २८ इंच झाले! पण वेळेचं काय? पाळी ४ तासांची. दर अर्ध्या तासाला वाळूचं घड्याळ उलटायचं, घंटा वाजवायची. आठ टोले पडले की पाळी बदलली. मध्यरात्रीची पाळी रोज त्याच लोकांच्या गळ्यात पडू नये म्हणून संध्याकाळी ४ ते ८ ची पाळी दोन तुकड्यांत तोडलेली. हिशेब चोख, फक्त त्यात सलग चार तासांची झोपसुद्धा बसत नव्हती. रात्रभर झोपायला मिळे ते सुतार, आचारी वगैरे मंडळींना, आणि बाकीचे त्यांना ‘रिकामटेकडे’ म्हणत. ही शुद्ध जळफळ आहे, आणि मला ती पूर्ण मान्य आहे.

सकाळी शिट्ट्या आणि आरडाओरडा. लोळत पडलेल्याच्या झोळीची दोरी सरळ कापायचे. उठल्यावर झोळी अंथरुणासकट गुंडाळायची, दोरीने आवळायची आणि वरच्या डेकच्या कडेला जाळ्यांत नीट रचायची. लढाईत बंदुकीच्या गोळ्या अडवायला तीच भिंत. माणूस गेला तर त्याच झोळीत शिवून, पायाशी तोफगोळे बांधून त्याला समुद्रात सोडत. एका अंथरुणाकडून आणखी किती कामं करून घ्यायची!

हेवा वाटावा असा कॅप्टनच. स्वतंत्र केबिन, मागे काचेच्या खिडक्यांची रांग, टांगती खाट. मात्र तोफा तिथेही असायच्या, आणि लढाईचा नगारा वाजला की माणसं येऊन साहेबांच्या खाटेसकट केबिनच्या भिंतीही उचलून न्यायची.