टचअप होत नाही म्हणजे नाही

मांजलपूरच्या त्या फ्लॅटमधली भिंत माझ्या डोक्यातून जात नाही. चौदा फूट रुंद, दहा फूट उंच, तांबूस सोनेरी मेटॅलिक रंगाची, म्हणजे धातूसारखी चमकणारी. दिवाळीच्या तोंडावर बडोद्यात पेंटरला जेवायला फुरसत नसते, तरी या भिंतीला मी घाई होऊ दिली नव्हती.

लोकांना वाटतं, मेटॅलिक म्हणजे महागडा डबा. खरा खेळ पुट्टीचा. हॅलोजन भिंतीला लावून तिरपा उजेड सोडायचा. बोटाला न लागणारा उंचवटाही लगेच सावली टाकतो. तिथे ३२० नंबरचा घासायचा पेपर, पुन्हा उजेड, पुन्हा पेपर. मग प्रायमर, मग बेस. शेवटच्या हाताला पंखे बंद, खिडक्या बंद, एक पोरगा घोडीवर, एक खाली. रोलरच्या रुंदीचा पट्टा वरून खालपर्यंत न्यायचा, त्याची कड ओली आहे तोवर पुढचा जोडायचा. शेवटचा हलका हात फक्त वरून खाली. चहा आला तरी कोपरा गाठेपर्यंत रोलर ठेवायचा नाही.

कारण या रंगात अभ्रकाचे बारीक पापुद्रे असतात. ओल्या रंगात रोलर ओढेल तसे ते लोळतात आणि वाळले की तसेच अडकतात. चमक त्या लोळण्याची असते, नुसत्या रंगाची नाही.

भिंत झाली, घरमालक काका-काकू खूश. दुसऱ्या दिवशी डिझायनरबाईंनी टीव्ही एक फूट डावीकडे सरकवला. इलेक्ट्रिशियनने वायर सरकवायला भिंतीत झिरी मारली, पुट्टी थापली आणि सांगून गेला, “पेंटरभाई करी लेशे!” पेंटरभाईंना विचारलं कोणी?

मी स्पष्ट म्हटलं, “काका, पूर्ण भिंत घ्यावी लागेल. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.”

“अरे, वीतभर जागा आहे! इथल्या तांबेकर वाड्यातली जुनी भित्तिचित्रं लोक जपतात, आणि तुला एवढं जुळवता येत नाही?”

त्या चित्रांवर कोणी संध्याकाळी एलईडीचा पट्टा सोडत नाही, हे ओठांवर आलं होतं. बोललो नाही. त्यांच्या हट्टापायी करून दाखवलं. तोच डबा, तोच रोलर, कडा विरवत नेल्या. वाळल्यावर काका दारात उभे राहिले. “गेलं की! उगाच घाबरवत होतास.” सोफ्यावरून काकू म्हणाल्या, “गेलं काय, ढळढळीत दिसतंय.” मी दोघांना जागा बदलायला लावली. आता काकूंना काही दिसेना आणि काका गप्प. संध्याकाळी छतातले दिवे लागले तेव्हा तो तुकडा दारातूनही काळपट दिसू लागला.

मग पूर्ण भिंत पुन्हा करायच्या पैशांचा विषय निघाला. डिझायनरबाई फोनवर “बघते” म्हणाल्या आणि मग फोन उचलेनात. या मंडळींचे पॉइंट रंग झाल्यावरच का हलतात, देव जाणे. काकांचं म्हणणं, “रंग डब्यात उरलाय, मग खर्च कसला?” पण पेपर मारणं, बेस, पुन्हा दोन हात, दोन माणसांची मजुरी? शेवटी पोरांची मजुरी आणि माल एवढंच घेतलं, माझं सोडून दिलं. माणसं चांगली होती, सण तोंडावर होता.

तिथेच घोळ झाला असं आता वाटतं. पूर्ण पैसे मागितले असते तर काका चिडले असते, पण चूक कोणाची हे स्पष्ट राहिलं असतं. मी पैसे सोडले आणि त्यांनी हिशेब लावला: काही चुकलं नसतं तर पेंटर कशाला कमी घेईल? इलेक्ट्रिशियनने मात्र झिरीचे पूर्ण पैसे नेले.

परवा काकूंचा फोन आला. बेडरूमची भिंत करायची आहे, चंदेरी. मी आधी विचारलं, वायरिंगचे पॉइंट नक्की झाले का? उत्तर मागून काकांनीच दिलं, “त्याला म्हणावं, या वेळी पहिल्या फटक्यातच नीट कर.”